मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट जुळत नसतील तेव्हा पुढची तपासणी कशी ठरवावी

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, काहीतरी संशयास्पद दिसले, त्याच आठवड्यात केलेली सोनोग्राफी मात्र नॉर्मल आली, आणि घरात लगेच दोन तट पडले. एकाचे म्हणणे की आता काळजीचे कारण उरले नाही, तर दुसऱ्याला लगेच मुंबई गाठायची आहे. पुण्यात ही वेळ अनेक घरांवर येते, कारण इथे तपासण्या सहसा एका छताखाली होत नाहीत. मॅमोग्राफी कोथरूडच्या एका सेंटरमध्ये, सोनोग्राफी फॅमिली डॉक्टरांच्या ओळखीच्या ठिकाणी पेठेत आणि एमआरआय झालाच तर कॅम्पात, अशी ती फिरती असते, आणि तीन ठिकाणच्या तीन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांच्या प्रतिमा पाहिलेल्या नसतात. रिपोर्ट आणि पक्के निदान यांच्या मधल्या काळात काय विचारावे, कोणती तपासणी करावी आणि कोणती टाळावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. अंतिम निर्णय प्रत्यक्ष हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे. मात्र त्यांच्यासमोर बसताना योग्य प्रश्न सोबत असले, तर तो निर्णय पुष्कळ लवकर आणि पुष्कळ चांगला होतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. चांगला रिपोर्ट संशयास्पद रिपोर्टाला खोडून काढत नाही. ज्या तपासणीत संशय आला, तिच्यात जे दिसले ते नेमके काय आहे याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तोच रिपोर्ट ग्राह्य धरावा. दोन रिपोर्टांची सरासरी काढता येत नाही आणि तिसऱ्या यंत्राकडे जाऊन बहुमतही घेता येत नाही. हाताला लागणारी गाठ या सगळ्यांच्या वर आहे: गाठ स्पष्ट लागत असेल, तर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही नॉर्मल आल्या तरी सर्जनने तपासल्याशिवाय विषय मिटवू नये.

आधी जागा जुळवून पाहा

दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि निष्कर्षाकडे जाण्याआधी वर्णनाचा भाग वाचावा. स्तनातली जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतात: डावा स्तन, दोनच्या दिशेला, स्तनाग्रापासून चार सेंटिमीटर, आकार आठ मिलिमीटर, अशी ती नोंद असते. काही मॅमोग्राफी रिपोर्टांत काट्यांऐवजी फक्त 'वरचा बाहेरचा भाग' असे लिहिलेले असते, तेव्हा ती जागा सोनोग्राफीच्या नोंदीशी आपणच ताडून पाहावी लागते. बाजू, दिशा, अंतर आणि आकार या चार गोष्टी दोन्ही रिपोर्टांत सारख्या आहेत का, हे कोणालाही पाहता येते आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

माझ्या नात्यातल्या एका वहिनींच्या बाबतीत इथेच सगळा गुंता सुटला. मॅमोग्राफीत डाव्या स्तनात दोनच्या दिशेला कडा अस्पष्ट असलेली छोटी सावली होती. सोनोग्राफीच्या रिपोर्टात पाचच्या दिशेला पाण्याची साधी गाठ असून काळजीचे कारण नाही, असे लिहिले होते. घरातल्या सगळ्यांनी दुसरा रिपोर्ट पहिल्याचे उत्तर म्हणून वाचला होता, पण ते दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडत नव्हतेच, ते दोन वेगळ्या जागांविषयी बोलत होते. दोनच्या जागेवर काय आहे, हे सोनोग्राफीत कोणी पाहिलेलेच नव्हते. नंतर स्तनाच्या तपासणीचा अनुभव असलेल्या रेडिओलॉजिस्टनी मॅमोग्राफीच्या प्रतिमा पडद्यावर समोर ठेवून सोनोग्राफी पुन्हा केली. वहिनींना थोडे कुशीवर वळवले, डावा हात डोक्याखाली घ्यायला लावला, म्हणजे स्तनाचा तो भाग बरगड्यांवर सपाट पसरतो, आणि प्रोब दोनच्या जागेवर ठेवून सावकाश दाब देत फिरवला. तेव्हा वेड्यावाकड्या कडांचा, रुंदीपेक्षा उंचीला जास्त असा एक लहान काळा ठिपका दिसला. बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, त्याचीच झाली, आणि कर्करोगाचे निदान तो लहान असतानाच झाले.

म्हणून पहिली पायरी नवीन तपासणी ही नसून जुन्या दोन्ही तपासण्या एकाच जाणकार रेडिओलॉजिस्टसमोर ठेवणे ही आहे. त्यांच्याकडे दोन्ही फिल्म, सीडी आणि असल्यास दोन-तीन वर्षांपूर्वीची मॅमोग्राफीही न्यावी, कारण तीच सावली पूर्वीही तेवढीच होती की नव्याने आली किंवा वाढली, यावर पुष्कळ काही ठरते. छापील रिपोर्ट पुरेसा नाही. सीडीवरच्या मूळ डिजिटल (डायकॉम) प्रतिमा लागतात. सेंटरने सीडी दिली नसेल तर मागून घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात, हे नम्रपणे सांगितले की बहुतेक ठिकाणी काम होते. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो कोणालाही पाठवून मत मागू नये. त्यावर प्रामाणिक मत देता येत नाही.

कोणत्या यंत्राला काय दिसते

मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे. तिच्यात चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. ज्या स्त्रीच्या स्तनात ग्रंथींचे प्रमाण जास्त आहे, तिच्या मॅमोग्राफीत पांढऱ्यावर पांढरे झाकले जाऊ शकते. रिपोर्टात स्तनाच्या घनतेचा ए, बी, सी किंवा डी असा गट दिलेला असतो. सी किंवा डी असेल, तर नॉर्मल मॅमोग्राफीवर थांबू नये आणि सोनोग्राफी जोडून घ्यावी. आपल्या देशात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात आढळतो, आणि तरुण वयात स्तन अधिक घन असतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा ठरतो.

सोनोग्राफीचे बलस्थान वेगळे आहे. गाठ पाण्याची की भरीव, हे ती उत्तम सांगते, आणि घन स्तनातली गाठही ती पकडते. पण कॅल्शियमचे बारीक कण, ज्यांना रिपोर्टात मायक्रोकॅल्सिफिकेशन म्हणतात, ते तिला बहुतेक वेळा दिसत नाहीत. नलिकांच्या आतच असलेला, अजून बाहेर न पसरलेला कर्करोग पुष्कळदा याच कणांच्या रूपात दिसतो. म्हणून मॅमोग्राफीत संशयास्पद कॅल्सिफिकेशन आणि सोनोग्राफी नॉर्मल, अशी जोडी आली तर त्यात विरोध काहीच नाही: एका यंत्राला जे दिसते ते दुसऱ्याला दिसतच नाही. अशा वेळी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून घरी परतणे ही सर्वांत धोक्याची समजूत आहे. इथे मॅमोग्राफीच्याच मार्गदर्शनाखाली बायोप्सी करावी लागते. तिला स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी म्हणतात. ही सोय सगळीकडे नसते, त्यामुळे रुग्णालय निवडताना आधी फोन करून तेवढेच विचारावे. ती उपलब्ध नसेल तर मॅमोग्राफी पाहत त्या जागी बारीक तार बसवून तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढण्याचा पर्याय असतो.

उलट जोडीही येते. मॅमोग्राफी स्वच्छ आणि सोनोग्राफीत भरीव, कडा अनियमित असलेली गाठ. इथे सोनोग्राफीचा शब्द चालतो आणि सोनोग्राफीत पाहतच बायोप्सी करतात. ती तुलनेने सोपी आहे आणि पुण्यातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत होते.

बायरॅड्सचा आकडा

रिपोर्टाच्या शेवटी बायरॅड्स असे लिहून ० ते ६ पैकी एक आकडा दिलेला असतो. ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने आखलेली पद्धत असून आता आपल्याकडेही सर्रास वापरतात. शून्य पाहून काहीजण घाबरतात, तर काहीजण 'शून्य म्हणजे काही नाही' असे समजून निर्धास्त होतात. शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी प्रतिमा हव्यात, एवढाच आहे. १ म्हणजे नॉर्मल आणि २ म्हणजे निश्चित निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ म्हणजे संशयास्पद, पण या एका आकड्यात फार मोठा पल्ला सामावलेला आहे: ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५० टक्के आणि ४सी मध्ये ५० ते ९५ टक्के. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक, आणि ६ म्हणजे बायोप्सीने निदान आधीच सिद्ध झालेले आहे.

रिपोर्टात नुसते ४ लिहिले असेल तर ए, बी की सी, हे रेडिओलॉजिस्टना विचारून घ्यावे. बायोप्सी तिन्हींत लागते, पण बायोप्सीचे उत्तर आल्यावर ते पटण्याजोगे आहे की नाही हे ठरवताना हा फरक उपयोगी पडतो. ४ए आलेल्या दहा स्त्रियांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणींना कर्करोग नसतो, हे बायोप्सीला जाताना मनाशी धरून ठेवण्याजोगे सत्य आहे.

३ या आकड्याबाबत मात्र एक सावधगिरी बाळगावी. सहा महिने थांबणे हा ३ साठी योग्य सल्ला आहे, पण तो सगळ्या आवश्यक प्रतिमा घेऊन झाल्यावर दिलेला ३ असला पाहिजे. दुसऱ्या तपासणीत ४ असताना एका रिपोर्टातला ३ निवडून सहा महिने थांबणे म्हणजे वाट पाहणे नव्हे, निर्णय टाळणे होय. शिवाय ३ असूनही थांबण्याऐवजी बायोप्सी करून घेणे काहीजणींसाठी रास्त ठरते: घरात आई किंवा बहिणीला कमी वयात हा आजार झालेला असेल, लवकरच गर्भधारणेचा विचार असेल, सहा महिन्यांनी पुन्हा येणे शक्य नसेल, किंवा काळजीने झोप उडाली असेल. शेवटचे कारणही पुरेसे कारण आहे, ते सांगताना संकोच करू नये.

प्रत्येक नव्या तपासणीआधी एक प्रश्न

कोणी पुढची तपासणी सुचवली की डॉक्टरांना असे विचारावे: "डॉक्टर, हिचा रिपोर्ट चांगला आला तर आपण काय करणार, आणि वाईट आला तर काय करणार?" दोन्हींचे उत्तर 'बायोप्सी' असेच असेल, तर मधली तपासणी वगळून सरळ बायोप्सी करावी. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, चांगले डॉक्टर त्याचे स्वागतच करतात, आणि यामुळे वेळ, पैसा व घरच्यांची घालमेल, तिन्ही वाचतात.

मॅमोग्राफीतली सावली पुसट असेल, विशेषतः रिपोर्टात 'असिमेट्री' (दोन्ही स्तनांत सारखेपणा नसलेला भाग) असे लिहिले असेल, तर आधी जास्तीच्या मॅमोग्राफी प्रतिमा मागाव्यात. एकाच जागी दाब देऊन घेतलेली प्रतिमा, कॅल्सिफिकेशनसाठी मोठी करून घेतलेली प्रतिमा, आणि टोमोसिंथेसिस म्हणजे थर उलगडून दाखवणारी त्रिमितीय मॅमोग्राफी, या तिन्हींमुळे एकमेकांवर पडलेल्या निरोगी ग्रंथींची सावली कोणती आणि खरी गाठ कोणती, हे पुष्कळदा त्याच दिवशी कळते. त्यानंतर त्या नेमक्या जागेची सोनोग्राफी.

एमआरआयविषयी आपल्याकडे असा समज आहे की तो सगळ्यांत महाग, म्हणून त्याचाच निकाल अंतिम. स्तनाचा एमआरआय खरोखर अतिशय संवेदनशील असतो आणि आक्रमक कर्करोग त्याच्या नजरेतून क्वचितच सुटतो, पण जे कर्करोग नाही तेही तो उजळून दाखवतो, आणि मग मूळच्या एका शंकेच्या जागी तीन शंका घेऊन माणूस बाहेर येतो. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी यांचा मेळ सगळ्या प्रयत्नांनंतरही बसत नसेल, बायोप्सी नेमकी कुठे करायची हेच कळत नसेल, काखेतल्या गाठीत कर्करोग सापडला पण स्तनात काही दिसत नसेल, किंवा बीआरसीए जनुकदोषामुळे धोका जास्त असेल, अशा वेळी एमआरआय उपयोगी आहे. जी गाठ सोनोग्राफीत स्पष्ट दिसते आणि सुईच्या टप्प्यात आहे, तिच्या निदानासाठी तो लागत नाही. संशयास्पद कॅल्सिफिकेशन असताना एमआरआय नॉर्मल आला, तरी बायोप्सी टळत नाही.

एमआरआय ठरलाच, तर पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनी पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यानची वेळ घ्यावी, कारण इतर दिवसांत हार्मोन्समुळे निरोगी ग्रंथीही उजळतात आणि रिपोर्ट उगाच बिघडतो. ही साधी गोष्ट अपॉइंटमेंट देणाऱ्या काउंटरवर विचारलीच जाईल याची खात्री नसते, म्हणून आपण सांगावी. शिरेतून गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमा ठळक करणारे औषध, देतात, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास तसे आधी सांगावे, आणि पालथे झोपून बराच वेळ स्थिर राहावे लागते याची मनाची तयारी ठेवावी. गर्भवतीसाठी गॅडोलिनियम टाळतात. तिच्यासाठी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी, दोन्ही करता येतात, आणि बाळंतपणापर्यंत थांबू नये.

पेट स्कॅन ही या टप्प्यावरची तपासणी नाही. कर्करोग सिद्ध झाल्यावर, तो पुढच्या अवस्थेतला असल्याचा संशय असेल तेव्हा शरीरात कुठे पसरला आहे हे पाहण्यासाठी तिचा उपयोग होतो. लहान गाठी तिच्यात सुटू शकतात आणि क्षयरोगाच्या गाठी कर्करोगासारख्याच चमकतात. सीए १५-३ ही रक्ततपासणीही निदानासाठी वापरत नाहीत, ती नॉर्मल आली म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही. सोसायटीच्या आरोग्य शिबिरात होणारी थर्मल तपासणी मॅमोग्राफीला पर्याय नाही, मग ती कितीही वेदनारहित असो.

बायोप्सीची भीती

'सुई लावली की गाठ चवताळते आणि पसरते', हे वाक्य मी शिकल्या-सवरलेल्या घरांत, अगदी प्रभात रोडवरच्या दिवाणखान्यातही ऐकले आहे. या एका समजुतीने जेवढे नुकसान केले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. बायोप्सीमुळे स्तनाचा कर्करोग शरीरात पसरतो आणि आयुष्य कमी होते, याला आधार नाही. उपचार आखण्यासाठी जगभर आधी सुईचीच बायोप्सी करतात, कारण तिच्यामुळेच शस्त्रक्रिया किती मोठी करायची, आधी केमोथेरपी द्यायची का, हे ठरवता येते.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते, म्हणजे अज्ञाताची भीती तरी कमी होईल. आडवे झोपवून सोनोग्राफीत गाठ पाहतात, त्वचेत भूल देतात, ती टोचताना थोडी झोंबते, आणि मग त्वचेला अगदी छोटी चीर देऊन तिच्यातून ट्रू-कट सुई गाठीपर्यंत नेतात. सुई स्प्रिंगवर चालते. प्रत्येक तुकडा घेताना मोठा 'टक्' आवाज होतो, आणि त्या आवाजाने दचकायला होते म्हणून डॉक्टर तो आधी ऐकवूनही दाखवतात. असे चार-पाच तुकडे घेतात. शेवयांच्या तुकड्यांएवढे बारीक, पांढरट, ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. बाटलीवर स्वतःचे नाव, बाजू आणि जागा बरोबर लिहिली आहे का, हे बरोबरच्या व्यक्तीने तिथल्या तिथे पाहावे. त्यानंतर काही मिनिटे जागा दाबून धरतात, पट्टी लावतात, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. थोडे काळेनिळे होणे सामान्य आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावी. आपल्या मनाने बंद करू नये.

बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची एफएनएसी अजूनही अनेक ठिकाणी सुचवतात, कारण ती स्वस्त आणि झटपट होते. काखेतल्या गाठीसाठी ती ठीक आहे. स्तनातल्या संशयास्पद गाठीसाठी मात्र ट्रू-कटचाच आग्रह धरावा, कारण एफएनएसीत सुट्या पेशी मिळतात, ऊतीची रचना मिळत नाही, आणि कर्करोग नलिकेतच आहे की बाहेर पसरला आहे, हे सांगता येत नाही. निदान होण्याआधीच सबंध गाठ काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर सुईची बायोप्सी का शक्य नाही, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. अतिशय लहान गाठीची बायोप्सी असेल, किंवा आधी केमोथेरपीची शक्यता असेल, तर त्या जागी धातूची छोटी क्लिप ठेवणार का, हेही विचारावे. नंतर जागा शोधायला तीच खूण उपयोगी पडते.

बायोप्सी आणि चित्र जुळले पाहिजे

बायोप्सी 'बिनाइन', म्हणजे कर्करोग नाही, अशी आली की पेढे वाटायची घाई होते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण एक पायरी अजून बाकी असते, आणि ती आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. सुईने घेतलेला तुकडा खरोखर त्या संशयास्पद जागेचाच आहे का, आणि त्या तुकड्यात जे सापडले त्याने प्रतिमेतले चित्र समजावता येते का, हे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन यांनी मिळून पाहायचे असते. ४ए आकड्याच्या गुळगुळीत कडांच्या गाठीत फायब्रोअॅडिनोमा, म्हणजे निरुपद्रवी गाठ, निघाला, तर उत्तर जुळले. पण ५ आकड्याच्या, कडांमधून काटे फुटलेल्या गाठीच्या बायोप्सीत 'निरोगी स्तन ऊती' किंवा 'फायब्रोसिस्टिक बदल' एवढेच आले, तर ते उत्तर गाठीचे नाही, सुई बाजूला गेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी पुन्हा बायोप्सी किंवा शस्त्रक्रियेने गाठ काढून तपासणी, यांपैकी एक करावेच लागते.

म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर सर्जनना हेच शब्द वापरून विचारावे: "हा रिपोर्ट स्कॅनमधल्या चित्राशी जुळतो का?" कॅल्सिफिकेशनची बायोप्सी असेल तर, काढलेल्या तुकड्यांत ते कण आले आहेत याची खात्री तुकड्यांचा एक्स-रे काढून केली होती का, हेही विचारावे. रिपोर्टात अॅटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया (नलिकेतल्या पेशींची वेगळी दिसणारी जास्तीची वाढ) असे लिहिले असेल, तर तो कर्करोग नसला तरी सहसा तेवढा भाग काढून तपासण्याचा सल्ला देतात, कारण शेजारी काही दडलेले असू शकते.

आपल्याकडची आणखी एक अडचण इथे नोंदवायला हवी. गेल्या काही वर्षांत बाळंत झालेल्या तरुण स्त्रियांमध्ये ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा दाह होतो; कडक गाठ, लाली, कधी पू, आणि स्कॅनवर तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. स्तनाचा क्षयरोगही असाच फसवतो. बायोप्सीशिवाय यांतला फरक कळत नाही, आणि त्याच ऊतीची क्षयरोगासाठी सीबीनॅट तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. याच्या उलट चूकही होते: स्तन लाल, सुजलेला आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झालेली असताना गळू समजून प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले जातात, आणि आत दाहक प्रकारचा कर्करोग असतो. प्रतिजैविकांनी एक-दोन आठवड्यांत स्पष्ट फरक पडला नाही, तर त्वचेसह बायोप्सीचा विषय आपणच काढावा. एकाच नलिकेतून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव, किंवा नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, यांनाही नॉर्मल स्कॅनने क्लीन चिट मिळत नाही.

दुसरे मत आणि वेळ

दुसरे मत घेताना पुन्हा नव्याने सगळ्या तपासण्या करण्याची गरज नसते. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळे, म्हणजे स्लाइड्स व ब्लॉक, ही तुमच्याच ऊतीची ठेव आहे; प्रयोगशाळेकडून ते मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घेता येतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड्सवर मत मिळते, आणि त्यासाठी रुग्णालाच मुंबईची दगदग सोसावी लागेल असे नाही; नोंदणी आणि कागदपत्रांची आधी चौकशी करून घरातले कोणी जाऊ शकते. स्लाइड्स नीट डब्यात, आणि ब्लॉक उन्हात गाडीत न ठेवता न्यावेत, मेण वितळते.

किती वेळ आहे? रिपोर्टांचा मेळ लावणे, योग्य ठिकाणी बायोप्सी आणि दुसरे मत, यांत दोन-तीन आठवडे गेले तर बहुतेक वेळा बिघडत नाही, म्हणून रात्रीत निर्णय घेण्याचा दबाव कोणी आणत असेल तर तो मानू नये. पण 'गौरी-गणपती होऊ देत', मग 'दिवाळी होऊ दे', मग 'भाचीचे लग्न आटोपू दे', असे करता करता महिने जातात, आणि ते परवडत नाहीत. घरातल्या बाईचे काम हे घरातले सर्वांत शेवटचे काम, ही आपली सवय इथे जिवावर बेतू शकते, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तसेच तिचा रिपोर्ट तिच्यापासून लपवू नये. बायोप्सी तिच्या शरीराची होणार आहे, थांबायचे की पुढे जायचे हे तिने ठरवायचे आहे, आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये प्रश्न विचारण्याची पहिली संधी तिचीच आहे. बरोबर जाणाऱ्या नणंदेने, मुलाने किंवा यजमानांनी उत्तरे लिहून घ्यावीत, म्हणजे घरी आल्यावर आठवणींचे तीन वेगळे रिपोर्ट तयार होत नाहीत.

खर्चाबाबत थोडक्यात. खासगी सेंटरचे दर झेपत नसतील तर ससून या सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग हा चांगला मार्ग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या टप्प्यापासून काय मिळेल, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला बायोप्सीआधीच विचारावे. मेडिक्लेम असेल, तर मॅमोग्राफीपासूनची प्रत्येक मूळ पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी, कारण पुढे दाखल व्हावे लागले तर दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतला तपासणीचा खर्च अनेक पॉलिसींत मिळतो.

आणि सगळा मेळ बसून सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे असे ठरले, तर केबिनमधून बाहेर पडण्याआधी तारीख, कोणत्या स्तनाची कोणती तपासणी, आणि ती कुठे करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. शक्यतो त्याच सेंटरमध्ये जावे आणि जुनी सीडी बरोबर न्यावी, म्हणजे मिलिमीटरची तुलना नीट होते. ही पाहणी साधारण सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी करतात. मधल्या काळात गाठ वाढल्यासारखी वाटली, त्वचा आत ओढली गेली किंवा काखेत नवीन गाठ लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे.